कुंडीकर आणि मिरचीचं बी

भेंडी, गवार, मेथीच्या दोन जुड्या असा सौदा झाला की भाजीवालीने पिशवीत वरून चार मिरच्या टाकायच्या, हा महाराष्ट्रातला अलिखित करार आहे. मधल्या काळात भाव वाढले, प्लास्टिकच्या पिशव्या गेल्या, करारातून कोथिंबीर केव्हाच वगळली गेली. मिरची मात्र बऱ्याच ठिकाणी अजून तग धरून आहे. आणि नेमकी हीच, नुसती मागून मिळणारी वस्तू घरी पिकवायची म्हणून काही माणसं कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, झारी, फवारणीची बाटली आणि मिरची लागवडीची पुस्तिका विकत आणतात. त्या सगळ्याच्या बेरजेत घरची वर्षभराची मिरची सहज आली असती. पण ती बेरीज कुणी करत नाही, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने केली तर ऐकून घेत नाही.

या जमातीला सोयीसाठी कुंडीकर म्हणू. कुंडीकर कोथरूडला आढळतात, डोंबिवलीला आढळतात, नागपुरात धरमपेठेत आढळतात. वय साधारण निवृत्तीच्या अलीकडे-पलीकडे. हल्ली तरुण कुंडीकरही दिसतात. ते ऑफिसची मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून मावा टिपत असतात. मिरचीवर लेख लिहिणारेही याच जमातीचे. त्यांच्या कुंडीला मिरची येत नाही, म्हणून लेख येतो. जमातीचं लक्षण एकच: त्यांच्याकडे गेलात की पाणी विचारायच्या आधी तुम्हाला बाल्कनीत नेलं जातं.

“हे बघा.”

“काय?”

“इथे, या कुंडीत.”

“माती आहे.”

“हो, पण आत बी आहे.”

हे बी कुठून आणायचं, इथूनच पंथभेद सुरू होतात. पहिला पंथ मसाल्याच्या डब्याचा. डब्यातली सुकी लाल मिरची मोडायची, बी झटकायचं, मातीत टाकायचं. यात खर्च शून्य, म्हणून या पंथाचे लोक सर्वांत जास्त सल्ले देतात. अडचण एवढीच की ती मिरची कोणत्या हंगामातली, कितव्या गोदामातली, हे डब्याला ठाऊक नसतं. मिरचीच्या बियांची उगवण घरगुती दमट हवेत वर्ष-दोन वर्षांत चांगलीच खाली येते. त्यातून डब्यात बहुतेकदा ब्याडगी असते. कर्नाटकातल्या ब्याडगीची ही सुरकुतलेली मिरची रंगासाठी नावाजलेली, तिखटाला सौम्य. ती पेरून सहा महिन्यांनी “लवंगीसारखी झणझणीत का नाही?” म्हणून झाडाला जाब विचारणारे कुंडीकर आहेत.

दुसरा पंथ पाकिटाचा. पाकिटावर ‘संकरित’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि मिरचीचं चित्र हातभर. पहिल्या वर्षी पीक बरं येतं. मग कुंडीकर त्यातलीच एक मिरची बियाण्यासाठी राखतात आणि पुढच्या वर्षी प्रत्येक कुंडीत वेगळाच प्रकार उभा राहतो: एक लांब, एक आखूड, एक आकाशाकडे तोंड करून. संकरित झाडाचं बी आईबापांचे गुण असे वाटेल तसे वाटून देतं. कुंडीकर मात्र पाहुण्यांना सांगतात, “मुद्दाम वेगवेगळी लावलीत.”

तिसरा पंथ विद्यापीठाचा. यांना राहुरीची फुले ज्योती आणि अग्निरेखा, दापोलीची कोकण कीर्ती, परभणीची परभणी तेजस, दिल्लीच्या पुसा संस्थेची पुसा ज्वाला ही नावं तोंडपाठ असतात. फुले ज्योतीला मिरच्या घोसाने लागतात हे ते लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालाही सांगतात. लिफ्टमधला माणूस विचारतो, “तिखट असते का?” आणि या प्रश्नाने विद्यापीठ पंथाला फार वाईट वाटतं.

चौथा पंथ ‘आपल्या मातीतल्या’ मिरचीचा. गावाहून काकांनी कागदाच्या पुडीत पाठवलेलं बी म्हणजे अस्सल, पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्या पंथाच्या एका बैठकीत कुणी तरी चुकून सांगितलं, की मिरची मूळची मेक्सिकोकडची, आणि ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे आली. त्यांनी गोवा घेतला १५१० मध्ये.

“म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी मिरची नव्हती?”

“ज्ञानेश्वरी १२९० ची. तेव्हा तिखटाला मिरी होती, आलं होतं.”

“आणि ठेचा?”

“नव्हता.”

“शक्यच नाही,” असा निकाल देऊन बैठक संपली. त्यानंतर त्या माणसाला पुडीतलं बी मिळालं नाही.

बी हातात आल्यावर ते भिजवायचं. कोमट पाण्यात रात्रभर भिजवणं पुरतं, पण कुंडीकरांच्या मनाला पुरत नाही. कुणी ताकात भिजवतं, कुणी हळदीच्या पाण्यात, कुणी गोमूत्रात. एकाच बियावर तिन्ही प्रयोग आळीपाळीने झाल्याचंही उदाहरण आहे. मग ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून, डबीत घालून, ती डबी उबेला ठेवायची. मिरचीच्या बियाला उगवायला साधारण २५ ते ३० अंश तापमान हवं. ते मिळालं तर आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब येतो. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा बारा-तेरावर उतरतो आणि बी गप्प पडून राहतं. कुंडीकरांना पेरणीचा उत्साह मात्र हटकून डिसेंबरातच येतो, कारण तेव्हा रजा शिल्लक असते.

उबेसाठी घराची पाहणी होते. फ्रिजचा माथा, पिठाचा डबा, देवघरातल्या समईच्या शेजारची जागा. शेवटी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर एकमत होतं, कारण तो कायम कोमट असतो. एका घरात यामुळे क्रांतीच झाली. जे कुंडीकर रोज संध्याकाळी “बंद कर ती मालिका” म्हणून ओरडायचे, तेच आता बजावू लागले, “टीव्ही बंद करायचा नाही हं, बी आहे वर.” सौभाग्यवतींनी पुढचे पंधरा दिवस दुपारच्या मालिकांचं पुनःप्रक्षेपणही पाहिलं आणि बी सावकाश यावं अशी मनोमन इच्छा केली.

पुस्तिकेत लिहिलेलं असतं, की बी अर्ध्या ते एक सेंटीमीटर खोलीवर पेरावं. कुंडीकर तर्जनी मुळापर्यंत मातीत खुपसतात, त्या बोगद्यात बी सोडतात आणि वर माती दाबून बसवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन पाहणी. काही नाही. तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन पाहणी. चौथ्या दिवशी चमच्याने जरासं उकरून. बी दिसतं, जिवंत आहे की नाही ते कळत नाही, पुन्हा पुरतात. सहाव्या दिवशी पुन्हा उकरतात, तेव्हा ते सापडत नाही आणि घरात चौकशी सुरू होते.

“कुंडीला कुणी हात लावला?”

“तुमच्याशिवाय तिकडे कोण जातं?”

“मुंगीनं नेलं असेल.”

“मग मुंगीकडे उगवेल. जेवायला चला.”

एके दिवशी मात्र खरोखर हिरवं काही तरी मान वाकवून वर येतं. आनंदाला पारावार उरत नाही. फोटो निघतो, नाशिकच्या बहिणीला जातो, अमेरिकेतल्या मुलाला जातो. रोप भराभर वाढतं. पंधरा दिवसांत त्याची पानं कातरलेली होतात, देठावर लव दिसते. कुंडीकर काडीचा आधार देतात. मग कामाला येणाऱ्या मावशी केर काढता काढता थबकतात आणि विचारतात, “काका, हे टमाट्याला एवढं काय जपताय?” गांडूळखतातून टोमॅटोचं बी येणं ही अगदी नेहमीची गोष्ट. टोमॅटो, वांगं, बटाटा, मिरची एकाच कुळातले, त्यामुळे भावकीतलाच माणूस घरात शिरून बसला होता. मावशींचं लहानपण शेतात गेलेलं, त्यांना दोन पानांवर ओळख पटते. कुंडीकर खाकरून म्हणतात, “माहीत आहे. टोमॅटोच लावलाय.”

दुसऱ्या टोकाला उगवण जास्त झाल्याची दुर्दशा असते. एका ग्रॅममध्ये मिरचीचं शे-दीडशे बी सहज बसतं. ‘किती उगवतील कोण जाणे’ म्हणून कुंडीकर चिमूटभर बी एकाच कुंडीत सोडतात आणि ते झाडून सगळं उगवतं. आता विरळणी करायची, म्हणजे जोमदार रोप ठेवून बाकीची उपटायची. शेतकरी हे काम गप्पा मारता मारता करतो. कुंडीकर दोन रात्री झोपत नाहीत.

“अशक्त आहेत ती काढून टाका.”

“अहो, जीव आहे त्यांच्यात.”

“मग काय सगळी ठेवणार?”

“थोडे दिवस बघू. कदाचित त्यातलं एखादं सुधारेल.”

असं करता करता दह्याचे डबे, आइस्क्रीमचे डबे, रंगाच्या बादल्या, फुटकं बेसिन यांत रोपं वाटली जातात. बाल्कनीत माणसाला उभं राहायला जागा उरत नाही. धुणं घरात वाळू लागतं.

रोपांचा पहिला शत्रू प्रेम. सकाळी कुंडीकर पाणी घालतात. ते विसरले असतील म्हणून दहा वाजता सौभाग्यवती घालतात. आजी देवपूजेचं पाणी तुळशीला घालून उरलेलं मिरचीला देतात. संध्याकाळी नातू त्याची छोटी झारी रिकामी करतो. सततच्या ओलीत बुरशी वाढते आणि कालपर्यंत ताठ असलेलं रोप मातीलगत बारीक होऊन आडवं पडतं. नर्सरीवाले याला रोप कोलमडणं म्हणतात. कुंडीकरांचं निदान वेगळं असतं: “पाणी कमी पडलेलं दिसतंय.”

दुसरा शत्रू हिशोब. पुस्तिका शेतकऱ्यांसाठी लिहिलेली, त्यामुळे सगळं हेक्टरी. बागायती मिरचीला हेक्टरी १०० किलो नत्र द्यावं, असं वाचून कुंडीकर विचारात पडतात. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यांची कुंडी फूटभर व्यासाची. नीट भागाकार केला तर कुंडीच्या वाट्याला युरिया येतो जेमतेम दीड ग्रॅम, आणि तोही एकदम द्यायचा नसतो. बँकेत हयात गेलेल्या कुंडीकरांनी हा भागाकार कागदावर बरोबर मांडला, उत्तराकडे पाहिलं आणि ‘एवढ्याशाने काय होणार’ म्हणून सढळ हाताने मूठभर टाकला. पानांच्या कडा जळाल्या. “ऊन फार आहे यंदा,” असं त्यांनी सोसायटीच्या बाकावर जाहीर केलं.

खरं तर उन्हाचाच दुष्काळ असतो. मिरचीला दिवसाचं सहा तास तरी ऊन हवं. घर घेताना ‘पूर्वाभिमुख, भरपूर सूर्यप्रकाश’ म्हणून जे दाखवलं होतं, ते समोर बारा मजले उभे राहिल्यापासून सकाळी नऊ ते साडेदहा एवढंच येतं. म्हणून कुंड्यांची वारी निघते. नऊला बाल्कनीत, अकराला स्वयंपाकघराच्या खिडकीत, दुपारी गच्चीवर, सूर्यास्ताला परत. एका कुंडीकरांनी दूरच्या लग्नाला जायचं टाळलं, कारण दुपारच्या पाळीला माणूस नव्हता. गच्चीवर कुंड्या ठेवल्या म्हणून कमिटीचं पत्र येतं. ग्रिलवर टांगल्या म्हणून खालच्या मजल्यावरून काकू वर येतात.

“तुमच्या मिरचीचं पाणी माझ्या पापडांवर पडतंय.”

“सेंद्रिय आहे हो, काही होत नाही.”

“तेच म्हणते. शेणखत आहे त्यात.”

एवढ्यातून वाचलेलं झाड वीतभर होतं, आणि मग त्याची पानं एके दिवशी वरच्या बाजूला वळू लागतात, बारीक होतात, चुरगळतात. शेतकरी याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांचा हा संयुक्त कारभार; पांढरी माशी तर विषाणूही पसरवते. इथे सल्लागारांचा मोसम सुरू होतो. एकजण सांगतो आंबट ताक फवारा. दुसरा सांगतो राख धुरळा. तिसरा म्हणतो साबणाचं पाणी. कुंडीकर एकाच दिवशी तिन्ही करतात आणि झाड तिसऱ्या दिवशी पांढरंफटक होतं.

सर्वांत नामी उपाय शेवटी कळतो: लसूण आणि हिरवी मिरची वाटून, पाण्यात कालवून, गाळून फवारायची. सेंद्रिय शेतीत हा अर्क खरोखरच वापरला जातो. तेव्हा कुंडीकर पिशवी घेऊन मंडईत जातात, चांगल्या पाव किलो तिखट मिरच्या विकत घेतात, मिक्सरमध्ये वाटतात, घरभर ठसका उठवतात आणि त्यांचं पाणी घरच्या मिरचीवर मारतात. अजून एकही मिरची न दिलेल्या झाडासाठी पाव किलो मिरची खर्ची पडते. त्याने न भागल्यास आजी आपला उपाय काढतात. “दृष्ट लागलीय त्याला. येणारा-जाणारा बघतो.” दुसऱ्या दिवशी मिरचीच्या कुंडीवर लिंबू-मिरची टांगलेली असते, आणि मिरचीला मिरचीकडून संरक्षण मिळतं.

फुलं येतात ती पांढरी, खाली मान घातलेली. आली की गळतात. उन्हाळा तापला की मिरचीची फुलगळ होते. रात्रीही उकडत राहिलं तर फळ धरत नाही. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागकणांवर फळ धरू शकतं, त्याला वाऱ्याची एखादी झुळूक किंवा टिचकी पुरते. पण कुंडीकरांच्या वाचनात परागीभवन हा शब्द आलेला असतो. ते नातवाचा रंगकामाचा ब्रश घेऊन पहाटे प्रत्येक फुलाला गुदगुल्या करतात. समोरच्या इमारतीतून हे पाहिलेल्या एका गृहस्थांनी चौकशी केली होती, “तुमचे हे फुलं रंगवतात का?”

अशा वेळी कुंडीकरांना धीर देणारी एक गोष्ट आहे आणि ती नासाने केली आहे. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात मिरची लावण्यात आली. त्याआधी दोन वर्षं जमिनीवर दोन डझनांहून जास्त जाती पारखल्या, मग न्यू मेक्सिकोतली एक निवडली. १२ जुलैला ४८ बियांचा प्रयोग सुरू झाला. तिथे माती नव्हती, भाजलेल्या चिकणमातीचे कण होते. दिवे होते, यंत्राने मोजून पाणी होतं, पंखे कमीजास्त वेगाने फिरवून फुलं हलवण्याची सोय होती, आणि खाली केनेडी अंतराळ केंद्रात डोळ्यांत तेल घालून बसलेले शास्त्रज्ञ होते. तरीही बी उगवायला जमिनीवरच्यापेक्षा जास्त वेळ लागला. प्रयोग १३७ दिवस चालला आणि शेवटी चार झाडांच्या २६ मिरच्या हाती आल्या. ऑक्टोबरच्या तोडणीनंतर अंतराळवीर मेगन मॅकआर्थर यांनी त्यातल्या काही टाकोत घालून खाल्ल्या आणि फोटो टाकला. सव्वीस मिरच्या म्हणजे आपल्याकडे दहा-वीस रुपयांचा माल. ही बातमी कुंडीकरांनी फ्रिजवर चिकटवली आहे. घरात कुणी खर्चाचा विषय काढला की ते नुसतं फ्रिजकडे बोट दाखवतात.

परदेशातल्या मराठी कुंडीकरांची तऱ्हा अंतराळवीरांच्या जवळ जाणारी. न्यू जर्सीतला कुंडीकर बाहेर बर्फ असताना फेब्रुवारीत तळघरात बी पेरतो. खाली ऊब देणारी चटई, वर जांभळट दिवे. मे महिन्यात थंडीचा कडाका सरल्याची खात्री झाली की रोपं अंगणात जातात. सप्टेंबरात झाड बहरतं, ऑक्टोबरात पहिलं दहिवर गोठायची भीती, मग रात्री झाडाला चादर पांघरायची. शेजारी सभ्यपणे काही विचारत नाही. आई फोनवर विचारते, “स्वतः नीट पांघरूण घेतोस ना?” मिरची उबदार हवेत काही वर्षं जगते, हे कळल्यावर तो कुंड्या हिवाळाभर दिवाणखान्यात घेतो आणि मावाही सोबत घरात येतो.

आणि मग एक दिवस मिरची लागते. तोडायची मात्र नाही. “जरा मोठी होऊ दे.” मोठी झाल्यावर, “लाल होऊ दे, बियाण्याला ठेवू.” घरात त्या दिवशी पोह्यांना मिरची नसते. सौभाग्यवती कात्री घेऊन बाल्कनीकडे वळतात आणि कुंडीकर दारात आडवे उभे राहतात. पोहे त्या दिवशी लाल तिखटाचे होतात.

मिरची लाल होते आणि तिसऱ्या दिवशी देठापुरती उरते. बुलबुल येऊन गेलेला असतो. ही चोरी नव्हे, हा मूळ बेत होता. मिरचीतला तिखटपणा म्हणजे कॅप्सायसिन नावाचं द्रव्य. ते सस्तन प्राण्यांच्या शरीरातल्या उष्णता ओळखणाऱ्या यंत्रणेला फसवतं, त्यामुळे तोंडात खरोखर आग लागल्याची खबर मेंदूला जाते. ती यंत्रणा शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पक्ष्यांना मात्र कॅप्सायसिन झोंबतच नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात रानमिरचीवर केलेलं संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात दिसलं की उंदीरवर्गातले प्राणी तिखट मिरचीच्या वाटेला जात नाहीत, पक्षी ती आनंदाने खातात, आणि पक्ष्यांच्या पोटातून बाहेर पडलेलं बी उगवतं. उंदीरवर्गीयांच्या पोटातून गेलेलं उगवत नाही. थोडक्यात, झाडाने दात असलेल्यांसाठी दारावर स्वच्छ पाटी लावली आहे: येथे येऊ नये. जगातले सगळे प्राणी ती वाचून मागे फिरले. माणसाने पाटी वाचली, डोळे पुसले, नाक ओढलं आणि विचारलं, “याहून तिखट आहे का?”

आहे, असं उत्तर देणारे लोक निघतातच. विल्बर स्कोव्हिल नावाच्या औषधनिर्मात्याने १९१२ मध्ये तिखट मोजायची रीत काढली: मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करायचा, की चाखणाऱ्याला तिखट लागेनासं होईल. त्या मोजमापात आपल्या ईशान्येकडची भूत जोलोकिया २००७ मध्ये दहा लाखांपलीकडे गेली आणि गिनीजमध्ये नोंदली गेली. २०२३ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या एड करी यांच्या ‘पेपर एक्स’ची नोंद झाली, सरासरी २६ लाख ९३ हजार. ही जात त्यांनी अनेक वर्षं खपून तयार केली आणि स्वतः खाल्ली. साडेतीन तास आग टिकली, मग पोटात कळा आल्या आणि पावसात ते तासभर एका कट्ट्यावर आडवे पडून कण्हत होते, असं त्यांनीच सांगितलं. आपल्याकडच्या कुंडीकरांनी ही हकिकत वाचून त्याच्या बियाण्याची चौकशी केली.

घरच्या मिरचीचं तिखट हा नाजूक विषय. सगळे जेवायला बसलेले, पहिली मिरची ताटलीत मधोमध, तिचे सहा तुकडे. कुंडीकर प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहतात.

“कशी आहे?”

“छान आहे. काकडीसारखी.”

ज्याच्या वाट्याला शेंडा आला त्याला असंच वाटणार. तिखट मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरेत असतं, बियांत नव्हे. बियांना ते शिरेच्या संगतीने लागतं. ती शीर कुंडीकरांनी बी काढताना बोटांनी साफ केलेली असते. जेवण झाल्यावर ते भावुक होऊन डोळा पुसतात, आणि मग मात्र मिरची किती तिखट आहे यावर घरात एकमत होतं. ते नळाखाली डोळा धरतात, पण कॅप्सायसिन पाण्यात फारसं विरघळत नाही. मुलगा फोनवरून ओरडून सांगतो की तोंड भाजलं तर दूध प्यायचं असतं. “तोंड नाही रे, डोळा!” तरीही गोंधळात ते पेलाभर दूध पितात.

या प्रसंगानंतर कुंडीकरांचा दर्जा एकदम बदलतो. त्यांना मिरची आलेली आहे, म्हणून ते तज्ज्ञ झालेले आहेत. लिफ्टमध्ये त्यांना विचारायची माणसं भेटतात. ज्यांनी ‘फुलं रंगवतात का’ म्हणून विचारलं होतं, ते समोरच्या इमारतीतले गृहस्थ एका रविवारी स्वतः दारात उभे राहिले. हातात दह्याचा रिकामा डबा.

“म्हटलं, आपणही मिरची लावावी.”

“बसा. आधी मला सांगा, ऊन किती तास?”

“तेवढं बघितलं नाही.”

“इथेच लोक चुकतात. पाणी जास्त घालू नका, हे पहिलं. उकरून बघायचं नाही, हे दुसरं. खत चिमटीने. आणि विरळणीला मन घट्ट करायचं, तिथे भावनिक होऊन चालत नाही.”

गृहस्थांनी मोबाइलवर सगळं टिपून घेतलं. आतून कपबशा जरा जास्तच वाजल्या.

“बरं, तुम्हाला साधारण किती मिरच्या आल्या?”

“तसं आकड्यात सांगता येत नाही. जात कोणती, हंगाम कोणता, यावर असतं.”

“तरी अंदाजे?”

“नासाला सव्वीस आल्या.”

“आणि तुम्हाला?”

“चहा घ्या,” कुंडीकर म्हणाले, “आणि तो डबा आणलात ना, त्याला खाली भोक पाडलंय का तुम्ही?”